९३० किलोमीटरवरून घरी आणलेली जुनी मोटारसायकल

गाडी दोन सिलिंडरची, ५०० सीसीच्या वर्गातली, हवेवर थंड होणारी, दोन कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे दोन भाग असलेली. वय १४ वर्षं, मीटरवर ३८ हजार किलोमीटर, वजन १९० किलोच्या आसपास. किक नाही, फक्त सेल्फ. शेवटचं दीड वर्ष ती शेडमध्ये कापडाखाली उभी होती. विकणाऱ्याने हे लपवलं नाही. महिन्या-दोन महिन्यांतून चालू करून पाच मिनिटं ठेवायचो, एवढंच त्याने सांगितलं. घेणारा माझा मित्र. त्याच्या घरापासून त्या शेडपर्यंतचं अंतर ९३० किलोमीटर.

त्याचा बेत सरळ होता. सकाळी पोचायचं, गाडी बघायची, पैसे द्यायचे, सह्या करायच्या आणि दुपारीच निघायचं. रात्री थोडं चालवायचं, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत घर. मी नको म्हटल्यावर फोनवरच वाद झाला. "अरे, गाडी चालू आहे, व्हिडिओ पाठवला की तुला," हे त्याचं म्हणणं.

व्हिडिओ मी पाहिला होता. बटण दाबल्याबरोबर इंजिन लागलं आणि चोकला, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणाऱ्या कळीला, हातही न लावता एकसारखं चालत राहिलं. कार्ब्युरेटरची, उभी राहिलेली गाडी थंड असताना चोकशिवाय अशी लागत नाही. म्हणजे चित्रण सुरू होण्याआधी ती तापवून ठेवलेली होती. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर आवरतोच. पण त्या व्हिडिओवरून गरम इंजिन लागतं एवढंच कळत होतं. ते थंड असताना लागतं का, तासभर चालतं का, याचं उत्तर त्यात नव्हतं.

गाडी आणायचे मार्ग तीन होते. चालवत आणणं, मालवाहू कंपनीकडे देणं, किंवा आपलंच चारचाकी वाहन घेऊन जाऊन लादून आणणं. तिसरा मार्ग सगळ्यात सुरक्षित, पण त्यात अंतर दुप्पट होतं, १,८६० किलोमीटर, आणि इतकं अंतर दुसरं वाहन हाकणारा माणूसही लागतो. मालवाहू कंपनीत गाडी वाटेत दोन-तीनदा उतरते-चढते. आरसे, क्लचचा दांडा आणि इंडिकेटर यांना मार बसतो तो बहुधा तिथेच, प्रवासात नाही. शिवाय गाडी हातात कधी पडेल याचा नेम नसतो. मित्राला चालवतच आणायची होती आणि त्याच्या या हौसेला माझा विरोध नव्हता. अडचण होती ती घाईची.

९३० हा आकडा ऐकून लोक आधी इंजिनाची काळजी करतात. ३८ हजार चाललेल्या इंजिनाला आणखी ९३० जड नाहीत. मोटारसायकल चालून झिजते तशी उभी राहूनही बिघडते, फक्त वेगळ्या ठिकाणी. चालल्याने पिस्टन, रिंगा, चेन, क्लच प्लेटा झिजतात. उभं राहिल्याने रबर कडक होतं, ब्रेकचं तेल पाणी पितं, पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत, बसतो, टाकीला आतून गंज धरतो आणि बॅटरी मरते. महिन्यातून पाच मिनिटं चालू ठेवण्याने तर नुकसानच होतं. इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं, आणि सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज पाच मिनिटांत भरून निघत नाही. त्यामुळे या गाडीची खरी परीक्षा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये होणार होती, आणि ते शंभर विकणाऱ्याच्या गावाभोवतीच झालेले बरे.

शेवटी तडजोड झाली. विकणाऱ्याच्या इथे एक पूर्ण दिवस काढायचा. त्या दिवशी चाळीसेक किलोमीटरची फेरी मारायची. आणि निघण्याआधीच वाटेत गाडी सोडून द्यायची तीन ठिकाणं नक्की करायची, ६०, ३१० आणि ६४० किलोमीटरवर. ही तिन्ही मोठी गावं. तिथे गाडी ठेवायला जागा आणि पुढे लादून न्यायला वाहन मिळेल याची फोनवर खात्री करून घेतली. ही तिसरी अट मित्राला अपशकुनी वाटली. मला मात्र तिन्हींत तीच महत्त्वाची वाटत होती. अंधारात, रस्त्याच्या कडेला, दमलेल्या डोक्याने माणूस "अजून थोडं जाऊन बघू" असंच ठरवतो. तो निर्णय घरी बसून, चहा पिताना घेऊन ठेवलेला असला की त्या वेळी फक्त पाळायचा उरतो.

जाण्याआधीचे फोटो

विकणाऱ्याकडून पाच नेमके फोटो मागवले. गाडीच्या देखण्या कोनांचे त्याने आधीच पाठवले होते, ते काही कामाचे नव्हते. आम्हाला हवे होते ते असे: दोन्ही टायरवरचा तारखेचा आकडा, हँडलच्या मानेवर ठोकलेला चासी नंबर, पुढच्या ब्रेकच्या तेलाच्या डबीची काच, टॉर्च मारून टाकीचा आतला तळ, आणि मागच्या दातेरी चक्रावर सगळ्यात मागे चेन बोटाने ओढून धरलेली.

टायरवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मागच्या टायरवर २३१४ होतं, म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, त्यामुळे "टायर नवा आहे" असं विकणारा मनापासून म्हणत होता. फोटो मोठा करून पाहिला तर बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगांचं जाळं होतं. महामार्गाच्या वेगाला, उन्हात, सामानासकट असा टायर मी कुणाला वापरू देणार नाही. माप कळलं होतं, म्हणून नवा टायर आणि ट्यूब मित्र पोचायच्या आधीच त्या गावच्या दुकानात सांगून ठेवता आली. पुढचा टायर तीन वर्षांचा निघाला, तो ठेवला.

ब्रेकच्या डबीतलं तेल काळपट चहासारखं दिसत होतं. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीचं कोरं ब्रेक तेल २३० अंशांच्या खाली उकळता कामा नये असं मानक आहे, तेच ओल प्यायलेल्या तेलासाठी १५५ अंशांवर येतं. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवणारही नाही. लांब उतारावर ब्रेक तापले की तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचा दांडा हँडलपर्यंत येतो. वाटेत एक घाट होता, म्हणून तेल बदलणं ठरलं.

चेन मागच्या चक्रावरून ओढली तर दाताचा जवळपास अर्धा भाग उघडा पडत होता. म्हणजे चेन संपत आलेली, पण एका प्रवासापुरती चालण्यासारखी. ती बदलायचा खर्च घरी आल्यावर करायचा असं ठरवलं. यावर मतभेद होऊ शकतात. टाकीच्या तळाशी तपकिरी धूळ दिसत होती, पण पापुद्रे नव्हते. त्यासाठी पेट्रोलच्या नळीत बसवायचे दोन फिल्टर मित्राने बरोबर घेतले, एक लावायला आणि एक बदलायला.

विकणाऱ्याच्या शेडमधला दिवस

कागदांचं लवकर सांगून टाकतो. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी एक-एक अक्षर ताडून पाहायचे, फोटोवर भागवायचं नाही. विक्रीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहायची, कारण त्या वेळेनंतरचा दंड किंवा अपघात कोणाचा हे त्यावरून ठरतं. आणि विकणाऱ्याचा विमा नव्या माणसाला लागू पडतो असं कधीही गृहीत धरायचं नाही. मित्राने आपल्या नावाचा विमा त्या दिवसापासून आधीच काढून ठेवला होता.

सकाळी मागचं चाक उतरवून टायर बदलला, ऑइल आणि फिल्टर बदलले, ब्रेकमध्ये नवं तेल भरलं, चेन ताणून तिला तेल दिलं. जुनं पेट्रोल पूर्ण काढलं. त्याला रंगाच्या दुकानासारखा आंबूस, जड वास येत होता. दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या उघडल्या तेव्हा आत मधाच्या रंगाचा चिकटा होता. आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारा, बारीक जेट दोन्हीकडे बुजत आलेला. अशी गाडी पूर्ण ॲक्सिलरेटरवर धावते, कारण तेव्हा पेट्रोल मोठ्या जेटमधून येतं, आणि सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. जेट क्लीनरने आणि हवेने साफ केले. बॅटरी जुनीच ठेवली, पण आदल्या रात्री चार्ज करून घेतली होती. सकाळी तिचं व्होल्टेज १२.६ भरलं. इंजिन लावून, व्होल्टमीटर बॅटरीच्या टोकांवर धरून मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर पाहिलं तर १४.२, म्हणजे इंजिन बॅटरी चार्ज करत होतं. उत्तम. हा आकडा त्याने मला लगेच फोनवर कळवला, आणि तो पुढे महत्त्वाचा ठरला.

दुपारच्या फेरीत पंचवीसेक किलोमीटरवर गाडी बंद पडली. आधी वरचा जोर कमी झाला, मग ती मिसिंग मारायला लागली, मग दोन-चार आचके देऊन बंद. सेल्फ मारत राहिला तर लागेना. त्याने फोन केला.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा: गेली ती कशी? झटक्यात, दिवा मालवल्यासारखी गेली तर विजेचं काही तरी. हळूहळू दम जाऊन, खोकत गेली तर पेट्रोल पोचत नाहीये. ही खोकत गेली होती. दोन सिलिंडर एकदम दमले, म्हणजे कारणही दोघांत सामाईक असणार, एखादा प्लग किंवा एखादा कार्ब्युरेटर नव्हे. मी त्याला म्हटलं, कान लावून टाकीचं झाकण सावकाश उघड.

झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा "फुस्स" आवाज फोनवरून मलाही ऐकू आला. पुन्हा बटण दाबलं, गाडी लागली.

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात सुईएवढी वाट असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि थोड्या वेळाने पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. गाडी थोडा वेळ उभी ठेवली की हवा कुठून तरी शिरते, गाडी पुन्हा लागते, आणि परत तेवढ्याच अंतरावर बंद पडते. लोक या दुखण्यावर प्लगला वीज देणारी कॉइल बदलतात, प्लग बदलतात, कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडतात, कारण "गरम झाल्यावर बंद पडते" असं त्याचं वर्णन केलं जातं आणि गरम होऊन बिघडणारी कॉइल वागतेही अशीच. दोन्हींतला फरक झाकण उघडून एका सेकंदात कळतो. मित्राच्या गाडीत झाकणाच्या कुलपामागे गंज आणि धूळ यांची वडी बसली होती. बारीक तारेने ती मोकळी केली, तोंडाने फुंकून वाट उघडल्याची खात्री केली, आणि तीच फेरी पुन्हा मारली. या वेळी गाडी विनातक्रार परत आली.

पाच मिनिटांत सापडलेला हा दोष दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ओळखीचं कुणी नसलेल्या ठिकाणी आला असता तर गाडी बहुधा तिथेच कुणाच्या तरी स्वाधीन झाली असती.

रस्ता

सकाळी उजाडताच तो निघाला. वेग ७० ते ८०, कधी थोडा वर. पहिला थांबा दहा किलोमीटरवर, पुढचा तीसवर, नंतर दर शंभरला. थांबलं की आधी दोन्ही चाकांच्या मधल्या भागाला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग गेलंय. मग पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचं वळं आलंय का बघायचं, नंबर प्लेट आणि सायलेन्सरचे बोल्ट हलवून बघायचे. ऑइल मात्र प्रत्येक पेट्रोल भरताना, गाडी सरळ उभी करून. हवेवर थंड होणारी जुनी इंजिनं महामार्गावर ऑइल पितात, गावातल्या गावात ते जाणवत नाही. पहिल्या ३०० किलोमीटरला पाव लिटरच्या आसपास लागलं, ते तो बरोबर घेऊन निघाला होताच.

सामानातलं बाकीचं: एक ट्यूब आणि टायर उघडायच्या पट्ट्या, हवेचा छोटा पंप, दोन प्लग, क्लचची केबल, फ्यूज, दहा-बारा-चौदाचे पाने, वायर, टेप, प्लॅस्टिकचे बंद आणि व्होल्टमीटर. मीटर त्याला जास्तीचा वाटत होता.

३१० चं ठिकाण दुपारी मागे पडलं. घाटात नव्या तेलाचा ब्रेक खणखणीत राहिला. मुक्काम ४३० वर. थकवा त्याला पायात किंवा पाठीत जाणवला नाही, जाणवला तो तळहातांत. अनोळखी गाडीचं हँडल, तिचा थरथराट, दांड्यांचं अंतर हे कशाचंच अंगवळणी पडलेलं नसतं. त्याच्या मूळ बेताप्रमाणे अजून ५०० त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी ओढायचे होते, हा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ५९० च्या आसपास इंडिकेटरची उघडझाप मंद वाटायला लागली. हॉर्न बसलेल्या गळ्याचा झाला. पेट्रोल पंपावर सेल्फने एकदा घरघर केली आणि दुसऱ्यांदा कसंबसं इंजिन फिरवलं. मीटर लावला. इंजिन चालू, ५,००० फेऱ्या, बॅटरीवर १२.४, आणि हेडलाइटबरोबर हळूहळू उतरणारं. चार्जिंग होत नव्हतं.

आता चूक कुठे आहे हे पाहणं जमण्यासारखं होतं. अशा गाडीत इंजिनाच्या बाजूच्या झाकणात स्टेटर असतो, म्हणजे वीज तयार करणारी तारेची वेटोळी. त्याच्यातून बहुधा एकाच रंगाच्या तीन वायरी बाहेर येतात आणि ती वीज बॅटरीजोगी करणाऱ्या रेग्युलेटरकडे जातात. पहिला संशय त्या तीन वायरींच्या प्लॅस्टिकच्या जोडावर घ्यायचा, कारण तिथे बरेचदा जोड तापून वितळलेला असतो. तसं असेल तर जोड कापून वायरी थेट पिळून जोडल्या की घरी पोचता येतं. हा जोड पिवळा पडला होता, पण शाबूत होता. मग तो सोडवून, इंजिन चालू ठेवून, तिन्ही वायरींत दोन-दोनच्या जोड्यांनी एसी व्होल्ट मोजले. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा. इथे एका जोडीत साठच्या पुढे येत होता आणि उरलेल्या दोन जोड्यांत जवळपास काहीच नाही. त्या दोन्हींत सामाईक असलेल्या वायरीचं वेटोळं आतून तुटलं होतं. रेग्युलेटर निर्दोष, स्टेटर गेला. रस्त्यावर यावर इलाज नाही.

जवळच्या गॅरेजमध्ये बॅटरी काढून दोन तास चार्जरला लावली आणि तेवढ्या जोरावर तो ६४० च्या ठिकाणी पोचला. तिथे खरा वाद झाला.

"उरले किती? २९०. दिवसाउजेडी, हेडलाइट काढून टाकतो, हळू येतो."

हिशोब मांडून बघितला. बॅटरी १२ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर बारा तास देणारी. हेडलाइट ५५ वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअर. मागचा दिवा आणि मीटरचे दिवे मिळून एक. इग्निशनला, म्हणजे प्लगच्या ठिणगीला, तीन धरा. एकूण साडेआठ, म्हणजे काहीच चार्जिंग नसेल तर कागदावर सव्वा ते दीड तास. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरायचं, कारण बॅटरी जुनी होती आणि व्होल्टेज ११ च्या खाली उतरलं की इग्निशन दगा द्यायला लागतं. हेडलाइट काढला तर खर्च चारवर येतो आणि स्टेटरचा उरलेला हिस्सा तेवढं कदाचित भागवतोही. कागदावर त्याचा बेत चुकीचा नव्हता, हे मान्य करायला हवं.

पण तो हिशोब उरलेली वेटोळी शाबूत आहेत असं धरून मांडलेला होता. तापून जळलेल्या स्टेटरमध्ये एक वेटोळं तुटलं की राहिलेल्यांवर भार वाढतो. या गाडीत स्टेटर ऑइलमध्येच फिरणाऱ्या भागाशेजारी बसवलेला आहे, त्यामुळे जळलेल्या लेपाचे कण इंजिनाच्या ऑइलमध्ये जात होते. दिवसाही मोटारसायकलचा हेडलाइट चालू ठेवायचा कायदा अनेक ठिकाणी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मालवाहू गाड्यांच्या रस्त्यावर दिव्याशिवाय जाणारी मोटारसायकल समोरच्याला उशिरा दिसते. वाद तासभर चालला. निकाल माझ्या युक्तिवादाने लागला नाही. ६४० ला गाडी सोडायची हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, तेवढं पुरलं.

लादणं

या भागाकडे लोक फार हलकं बघतात. गाडी बिघडून लादली जाते तेव्हा तर सगळे थकलेले असतात आणि "चढव, बांध, चल" असं होतं. १९० किलोची गाडी फळीवरून पडली तर माणसाचा पाय मोडतो.

छोटा टेम्पो ठरला होता. चालकाकडे एक फळी आणि सुताची दोरी होती. फळी लांब आणि रुंद असावी, तिचं वरचं टोक टेम्पोला बांधलेलं असावं, नाहीतर गाडीचं पुढचं चाक वर गेलं की ती मागे सरकते. दोघांनी ढकलायचं आणि तिसऱ्याने वरून धरायचं. मध्येच दम गेला आणि गाडी मागे घसरू लागली तर पुढचा ब्रेक दाबून उपयोग होत नाही. चढावर सगळं वजन मागच्या चाकावर आलेलं असतं, पुढचं चाक हलकं होऊन नुसतं घासत मागे येतं. म्हणून इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि क्लच दाबलेला ठेवायचा. क्लच सोडला की मागचं चाक जागच्या जागी धरलं जातं. हे मित्राला आधी सांगून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या प्रयत्नात त्याला ते वापरावं लागलंही.

वर गेल्यावर चालकाने स्टँड लावून हँडलवरून दोरी फिरवायला घेतली. दोन्ही गोष्टी नकोत. साइड स्टँडवर बांधलेली गाडी प्रत्येक खड्ड्याला स्टँडच्या खिळीवर आपटते आणि चासीचा तो कान वाकतो. हँडल तर ताणाने आपल्या पकडीतून फिरतं. स्टँड वर घेऊन, पुढचं चाक टेम्पोच्या पुढच्या भिंतीला टेकवून गाडी सरळ उभी केली. खटक्याचे चार पट्टे मित्राने त्याच गावात विकत घेतले. पुढचे दोन हँडलखाली, पुढच्या शॉकअपच्या नळ्या धरणाऱ्या खालच्या जाड पकडीवरून घेतले, आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने ओढत शॉकअप निम्मे दाबले जाईपर्यंत ताणले. पूर्ण दाबले तर सील फुटू शकतात, आणि अजिबात दाबले नाहीत तर पहिल्या खड्ड्याला पट्टा सैल होऊन आकडा निसटतो. मागचे दोन चासीच्या नळीवरून घेतले, त्यांचं काम गाडी बाजूला सरकू न देणं एवढंच. जिथे पट्टा रंगाला लागत होता तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. पेट्रोलचा कॉक बंद केला, टाकीत जेमतेम लिटरभर ठेवलं, बॅटरीचं ऋण टोक सोडवून टेपने गुंडाळलं. निघण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले.

मित्र चालकाशेजारी बसला. तीस किलोमीटरवर थांबून पाहिलं तर डावा पुढचा पट्टा अंगठ्याने दाबता येण्याइतका ढिला झाला होता. नवे पट्टे सुरुवातीला बसतात, म्हणून हा पहिला थांबा कधी चुकवायचा नसतो. तो ताणला, नंतर दोनदा पाहिला, जागचा हलला नव्हता.

घरी आल्यावर

स्टेटरचं झाकण उघडलं. अठरा वेटोळ्यांपैकी खालच्या बाजूची काही कोळशासारखी काळी झाली होती. ऑइलला जळका वास होता आणि फिल्टरमध्ये लेपाचे बारीक तुकडे सापडले. ऑइल लागोपाठ दोनदा बदललं. स्टेटर नव्याने गुंडाळून घेतला, तीन वायरींचा तो पिवळा जोड काढून चांगला बसवला, चेन आणि दोन्ही दातेरी चक्रं बदलली. त्यानंतर अर्धा तास चालवून, इंजिन पुरतं तापल्यावर मोजलं तेव्हा १४.१ भरलं.

शेडमध्ये १४.२ आलं होतं ते खोटं नव्हतं. ते सकाळी, थंड इंजिनावर, चार मिनिटांत मोजलेलं होतं. वेटोळ्याचा लेप कमकुवत झाला असला तरी थंड असताना तो तग धरतो. शंभर-शंभर किलोमीटर सलग ऑइल तापत राहिलं तेव्हा तो हरला. फेरीहून परतल्यावर, गरम इंजिनावर पुन्हा एकदा मोजलं असतं तर आकडा थोडा उतरलेला दिसला असता का? दिसला असता असं छातीठोक म्हणता येणार नाही, कारण चाळीस किलोमीटर आणि चारशे किलोमीटरच्या तापण्यात फरक आहे. तरी जुन्या गाडीचं चार्जिंग मोजायची वेळ ती, फेरीच्या शेवटी, सगळे दिवे लावून.

विकणाऱ्याकडे अर्धा खर्च मागावा का, यावर मित्र आठवडाभर घोळत होता. माझ्या मते मागायचा प्रश्न नव्हता. त्याने गाडी दीड वर्ष उभी आहे हे सांगितलं होतं, पूर्ण दिवस शेड आणि पाने वापरू दिले होते, आणि महिन्यातून पाच मिनिटं चालवणाऱ्याला चारशे किलोमीटरनंतर काय होतं हे कळण्याचा मार्ग नव्हता. मित्राने शेवटी त्याला फक्त काय झालं ते कळवलं. त्यावर विकणाऱ्याने शेडमध्ये राहून गेलेली जादा किल्ली आणि मूळ हत्यारांची पिशवी पाठवून दिली.

२९० किलोमीटर दिवसाउजेडी हळू आलो असतो तर पोचलो असतो, हे मित्र अजून म्हणतो. काळी वेटोळी त्याने स्वतः पाहिली आहेत, नखाने त्यांचा लेप खरवडूनही बघितला आहे, तरी म्हणतो. पोचलाही असता कदाचित.